वरच्याची जमीन, खालच्याची झोप

तांदळाच्या पोत्याला वरच्या मजल्यावर कोण चालतंय याचं काही पडलेलं नसतं. खोबऱ्याला नसतं, सुपारीला नसतं. वास्कोत बंदराच्या बाजूला ज्या जुन्या गोदामात मी आता राहते, ते बांधणाऱ्यांनी ओल, उंदीर, चोर आणि वजन या चारच गोष्टींचा पक्का विचार केलेला दिसतो. जांभ्या दगडाच्या चिऱ्यांच्या दोन फुटी भिंती, किंदळीच्या तुळया, वर मंगळुरी कौलं, उंचावर लोखंडी गजांचे लहान झरोके. झोपेचा विचार कुणी केला नव्हता. करायचं कारणही नव्हतं. रात्री इथे राखणदार तेवढा असायचा आणि त्याने झोपू नये हीच मालकाची अपेक्षा.

गोव्यात इमारतींनी धंदा बदलणं तसं नवं नाही. पणजीचं मुख्य टपाल कार्यालय पूर्वी तंबाखूच्या व्यापाराची वखार होती. त्याच्यासमोरच्या घरात १८३४ ते १८४१ या काळात टाकसाळ चालायची, नाणी पाडली जायची. पुढे तिथे माणसं राहू लागली. मुरगावचं बंदर आणि तिथून घाटापलीकडे जाणारी रेल्वे १८८०च्या दशकात उभी राहिली, आणि त्या दोघांच्या आधाराने वास्कोत गोदामं आली. त्यातलं आमचं एक. नक्की कुणी, कोणत्या साली बांधलं याचे तीन वेगवेगळे जाणकार तीन वेगवेगळे दाखले देतात, तेव्हा तो विषय मी सोडून दिला आहे.

बिल्डरने त्याचे फ्लॅट केले ते मात्र डोळ्यांना सुखावणारे केले. तुळया घासूनपुसून तेल लावून उघड्या ठेवल्या, चिरे काही भिंतींवर गिलाव्याविना दाखवले, आणि कौलांखालच्या उंच पोकळीत आणखी एक मजला बसवून तिथे माळ्यावरचे फ्लॅट काढले. माहितीपत्रकात संध्याकाळच्या उन्हातल्या तुळयांचा फोटो होता. फोटोत आवाज दिसत नाही.

मी मधल्या मजल्यावर राहते. खाली रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका, वर माळ्यावरचा फ्लॅट, शेजारी गाणं शिकवणारं एक जोडपं. मधल्या मजल्यावर राहिलं की आवाजाचा शेजारधर्म दोन्ही बाजूंनी कळतो. एकाच वेळी आपण कुणाची तरी तक्रार असतो आणि कुणाची तरी तक्रार करत असतो.

पहिली गोष्ट मला खालच्या काकांनीच समजावली. आयुष्यभर इंजिनाच्या शिट्ट्या आणि डब्यांची आदळआपट ऐकलेला माणूस. रात्री अडीचला मालगाडीने भोंगा दिला तरी ते कूस बदलत नाहीत. पण मी स्वयंपाकघरात चमचा पाडला की जागे. "बाय, गाडी कुठे चालली ते मला ठाऊक असतं," ते म्हणाले, "तुझा चमचा कधी पडेल ते नसतं." यानंतर मी आवाजावर जे काही वाचलं, त्यात याहून नेमकं फार थोडं सापडलं.

चमचा आणि भोंगा यांच्यात आणखी एक फरक आहे. भोंगा हवेतून येतो. चमचा हवेतून येत नाही. तो थेट फळीला लागतो, फळी तुळईला हलवते, तुळई भिंतीत रुतलेली असते ती भिंतीला हलवते, आणि खालच्या खोलीचं छत, भिंती, सगळंच मिळून चमचा वाजवतं. हवेतल्या आवाजाला वाटेत जड भिंत आडवी घातली की तो बराचसा अडतो. आघाताच्या आवाजाला भिंत हीच वाट असते. म्हणून 'साउंडप्रूफ करून द्या' असं सरसकट सांगणाऱ्याला पहिला प्रश्न विचारायला हवा, की बाबा, कोणता आवाज?

आमच्या मजल्याच्या जमिनीची कथा जरा दुःखाची आहे. देशावरच्या वाड्यांत कडीपाटावर मातीचा जाड थर पसरायची रीत होती. आमच्या गोदामातही फळ्यांवर माती आणि वाळूचा चांगला वीतभराच्या जवळपास थर होता, असं इथे काम केलेला गवंडी सांगतो. नूतनीकरणात तो सगळा खरवडून ट्रकांत भरून नेला. कारण दिलं वजनाचं. चार इंच माती म्हटली तरी चौरस मीटरला दीडशे किलोच्या वर भरते, हे खरं. पण ज्या तुळयांनी पोत्यांच्या थप्प्या पेलल्या त्यांना ते वजन अवघड नव्हतं. इंजिनिअरची बाजू घ्यायची तर एवढंच म्हणता येईल की तुळईचं भिंतीत गेलेलं टोक बाहेरून दिसत नाही, आणि वाळवी नेमकी तिथून सुरुवात करते. ती टोकं उघडून तपासायची, लागेल तिथे नवं लाकूड जोडायचं, असं काम वेळखाऊ. माती काढून टाकणं सोपं. ती माती कुणी आवाजासाठी घातली नसेलही, पण काम ती तेच करत होती. पावलाचा धक्का तिच्या वजनात जिरायचा. ती गेली, वर पॉलिश केलेल्या नव्या फळ्या ठोकल्या, आणि मजल्याचा डफ झाला.

शेजारच्या गाण्याचं वेगळं. मूळ चिऱ्यांच्या भिंतीला आवाजाच्या बाबतीत नावं ठेवायला जागा नाही. हवेतल्या आवाजाला अडवायला मुख्यतः वजन लागतं. हिशेब असा, की भिंतीचं वजन दुप्पट केलं की आवाज सुमारे ६ डेसिबलनी आणखी घटतो, आणि कानाला तो निम्मा वाटायला सुमारे १० डेसिबलची घट लागते. म्हणजे आधीच जड असलेल्या भिंतीवर आणखी चढवत बसण्यात अर्थ नसतो. पण दोन फ्लॅटांमधली भिंत जुनी नाही. एका मोठ्या दालनाचे तुकडे करताना मध्ये चार इंची हलक्या ब्लॉकची उभी केली. हलक्या भिंतीचा स्वभाव असा, की बारीक सूर ती बऱ्यापैकी अडवते आणि खर्ज सोडून देते. त्यामुळे संध्याकाळी शेजारी नाट्यपद चालू असतं तेव्हा माझ्याकडे पेटी येत नाही, शब्द येत नाहीत, मुलींचे ताना-मुरके येत नाहीत. डग्गा येतो. नुसता डग्गा. कोणतं पद चाललं आहे ते घुमाऱ्यावरून ओळखायची मला सवय झाली, आणि बहुतेकदा ओळखूही येतं, पण तेवढ्यासाठी कुणी फ्लॅट घेत नाही.

त्या भिंतीवर उपाय करायला एक सुतार आला. मूळचा केप्याकडचा, कोकणी बोलणारा, कमी बोलणारा. मी त्याला बोर्ड, रॉकवूल म्हणजे दगडी तंतूंची लोकर, दुहेरी भिंत असं जे काही वाचलं होतं ते सगळं सांगितलं. त्याने खोलीचं दार लावलं, दिवा मालवला आणि माझ्या मोबाइलची बत्ती घेऊन बाहेर गेला. दाराखालून, चौकटीच्या कडेने, विजेच्या डब्यांतून, छताशी तुळई जिथे भिंतीत शिरते तिथून उजेडाच्या रेघा आत आल्या. "बाय, पयलीं फटी बंद करया," एवढंच म्हणाला.

हिशेब मांडला तर त्याचं म्हणणं किती बरोबर होतं ते दिसतं. दहा चौरस मीटरची भिंत धरा, जी आवाज ५० डेसिबलनी घटवते. म्हणजे चांगली भिंत. तिच्यात तीन फुटी दार बसवलं आणि दाराखाली एक सेंटिमीटरची फट राहिली. फटीचं क्षेत्रफळ भिंतीच्या हजाराव्या भागाहूनही कमी. दार स्वतः कितीही जड असलं तरी त्या एका फटीने ५० चे ३० होतात. वर कितीही बोर्ड ठोका, ३० च्या फार पुढे जायचं नाही. आमच्या भिंतीत तर विजेचे डबे दोन्ही बाजूंनी अगदी पाठीला पाठ लावून बसवले होते. त्यांच्याजवळ कान नेला की शेजारच्या काकूंची शिकवणी मला अक्षरशः ऐकू यायची. ते डबे हलवले, मागची पोकळी भरली, दारांना रबराच्या पट्ट्या आणि खाली घसरती पट्टी बसवली. मगच भिंतीपासून थोडं अंतर सोडून वेगळ्या चौकटीवर दुसरा पडदा उभा केला आणि मधल्या पोकळीत रॉकवूल भरलं. पडद्याची चौकट जुन्या भिंतीला कुठेही टेकू द्यायची नाही, ही त्यातली मेख. टेकली की हलक्या भिंतीचा थरथराट सरळ नव्या पडद्यावर जातो. डग्गा अजून येतो, पण आता त्याला कान लावावा लागतो.

इथे मला त्या फोमवाल्यांबद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय राहवत नाही. स्टुडिओच्या फोटोत दिसणारे ते करड्या रंगाचे शंकूशंकूंचे तुकडे, किंवा अंड्यांचे ट्रे, भिंतीला चिकटवून शेजारचा आवाज थांबेल असं सांगणारे लोक सगळीकडे आहेत. ती वस्तू खोलीच्या आतला घुमारा शोषते. बाहेरून येणाऱ्याला अडवण्याइतकं वजनच तिच्यात नाही. घुमारा हाही खरा प्रश्न आहे, विशेषतः गोदामात: उंच छत, उघडे चिरे, दगडी लादी, आणि जेवताना चार माणसं बोलली की बाजार भरल्यासारखं. त्यावर उपाय १८९५ पासून माहीत आहे. हार्वर्डमधल्या एका व्याख्यानगृहात प्राध्यापकांचं बोलणं कुणाला कळत नव्हतं म्हणून वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण शिक्षकाला ते काम दिलं गेलं. त्याने जवळच्या नाट्यगृहातल्या गाद्या रात्री उचलून आणल्या, किती गाद्यांनी घुमारा किती सेकंदांवर येतो ते कानाने आणि घड्याळाने मोजलं, आणि त्यातून खोलीचं घनफळ आणि मऊपणा यांचा नियम काढला. माझ्याकडे गाद्यांऐवजी पुस्तकांची कपाटं, जाड पडदे आणि एक जुनी गोधडी भिंतीवर टांगलेली आहे. काम होतं. स्वस्त फोमची दुसरी गोष्ट अशी, की तो पेटला की भडकतो. २००३ साली अमेरिकेतल्या र्‍होड आयलंडमधल्या एका नाइटक्लबात भिंतीवरच्या फोमला आग लागली आणि शंभर माणसं गेली. लाकडी तुळयांच्या इमारतीत राहणाऱ्याने एवढं लक्षात ठेवलेलं बरं.

आणि पाऊस. आवाजावरची बहुतेक माहिती कोरड्या देशांतून येते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो अशा ठिकाणी भिंतीपुढे बंद पोकळी करून तीत काही भरायचं म्हणजे बुरशीला खोली भाड्याने देणं. चिरा सच्छिद्र असतो. जूनपासून तो पाणी पितो आणि दिवाळीनंतर हळूहळू सोडतो. बाहेरच्या भिंतीला आतून प्लायवूड किंवा साधा जिप्सम बोर्ड लावून ती कोंडली तर दुसऱ्या पावसात काळे डाग वर येतात. म्हणून आम्ही पडदा फक्त आतल्या, कोरड्या भिंतीला केला, तोही सिमेंट बोर्डाचा. बाहेरच्या चिऱ्यांना हातही लावला नाही. चुन्याचा गिलावा तेवढा नीट करून घेतला. त्यांना तसंही काही कमी नव्हतं. बाहेरचा आवाज भिंतीतून येतच नाही, तो खिडक्यांतून येतो.

खिडक्यांपाशी मात्र हिशेब आणि जगणं यांचं जमत नाही. दोन फुटी भिंतीचा एक फायदा असा, की जुनी लाकडी झडप बाहेरच्या अंगाला तशीच ठेवून आतल्या अंगाला दुसरी काचेची खिडकी बसवता येते, आणि मध्ये वीतभर अंतर राहतं. बाजारात मिळणाऱ्या दुहेरी काचेत हे अंतर बोटभरच असतं. ती उष्णतेला चांगली, पण खालच्या पट्टीच्या आवाजाला एवढं मोठं अंतरच लागतं. आणि आमच्याकडे खालच्या पट्टीचा आवाज म्हणजे दाबोळीवरून उठणारी नौदलाची विमानं. ती आली की फोनवर बोलणारा माणूस वाक्य अर्धं सोडून थांबतो, पलीकडचाही वास्कोचा असेल तर तोही थांबतो, आणि दोघं त्याच शब्दापासून पुन्हा सुरू करतात.

पण खिडकी बंद केली की वारा बंद. मे महिन्यात दोन्ही खिडक्या लावून, एसी लावून बसायचं, तर मग समुद्राजवळ राहून काय मिळवलं? मी रात्री विमानं नसतात तेव्हा खिडकी उघडते, दिवसा लावते. श्रावणात नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी वास्कोच्या दामोदर देवाचा सप्ताह सुरू होतो, चोवीस तास अखंड भजन चालतं, फेरीचे आवाज, माणसांचे लोंढे. त्या दिवशी आतली खिडकी मी सताड उघडी ठेवते. इमारतीतले नवे भाडेकरू त्या रात्री कानात कापूस घालून बसले होते. कायद्याने निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत ती लिहिलेली आहे, हे त्यांनी मला सांगितलं. मलाही ती माहीत आहे. नियम चांगला आहे; पार्ट्यांच्या हणजुणे-वागातोरकडे राहणाऱ्या माझ्या बहिणीला विचारा, तिला तो रोज हवा असतो. पण तो परिसरातला आवाज मोजतो. माझ्या चमच्याला आणि वरच्याच्या टाचांना तो कुठून पुरणार?

तर पुन्हा जमिनीकडे. काकांच्या झोपेसाठी त्यांच्या छताला काही करता येईल का, हे आधी पाहिलं. रबराच्या हँगरवर खोटं छत टांगायचं, वर रॉकवूल घालायचं. थोडा फरक पडला असता. पण ज्या तुळयांसाठी काकांनी निवृत्तीचे पैसे घातले त्या झाकल्या गेल्या असत्या, आणि भिंतींतून उतरणारा आवाज तसाच राहिला असता. आघाताचा आवाज जिथे जन्मतो तिथेच मारावा लागतो. एकदा का तो लाकडात उतरला की त्याला हजार वाटा. म्हणजे त्रास खालच्याला, आणि इलाज वरच्याच्या जमिनीत. खर्च वरच्याचा, दारं तासायची वरच्याची, चार दिवस सामान हलवायचं वरच्याने. आणि हे सगळं झाल्यावर वरच्याला स्वतःला फरक काहीच जाणवत नाही.

मी ते करून घेतलं, कारण काका रोज सकाळी माझ्यासाठी पाव आणून दाराला अडकवतात, आणि अशा माणसाला झोप मिळू नये हे बरं दिसत नाही. जुन्या फळ्यांवर रबराचा थर, त्यावर सिमेंट बोर्डाचे दोन थर, वरच्याचे सांधे खालच्यांवर येणार नाहीत असे, मग लाकूड. ही वरची सगळी जमीन कुठेही खिळ्याने खाली ठोकायची नाही, आणि भिंतीपासून बोटभर सुटी ठेवायची. नुसती तरंगत ठेवायची. दोन इंचांनी खोली वर आली, न्हाणीघराचा उंबरठा उलटा झाला.

काम संपलं, आणि काका म्हणाले, "फरक आहे, पण थोडा." सुताराला पुन्हा बोलावलं. त्याने भिंतीच्या कडेकडेने पातळ पातं फिरवून पाहिलं आणि एका जागी ते अडलं. लादीवाल्याने न्हाणीघराच्या बाजूला ती बोटभर फट पाहिली आणि नीटनेटकेपणापोटी सिमेंटने बुजवून टाकली होती. त्याची तरी काय चूक. फट दिसली की भरायची हेच त्याला आयुष्यभर शिकवलं गेलं. हवेच्या आवाजासाठी प्रत्येक फट बंद करायची आणि पावलांच्या आवाजासाठी ही एक फट जिवापाड जपायची, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. विळ्याएवढ्या लांबीचं ते सिमेंट फोडून काढलं, मऊ सीलंट भरलं, स्कर्टिंग भिंतीला ठोकली पण जमिनीला टेकवली नाही. त्यानंतर काकांनी चमच्याचं नाव काढलेलं नाही. टाचांचा धप्प आवाज थोडा उतरतोच. लाकडी मजल्यावरचा तो खर्ज पूर्ण जात नाही. मी घरात रबरी सपाता घालते.

राहिला माझ्या डोक्यावरचा माळा. त्याचे मालक दिल्लीला असतात, वर्षातून नाताळात येतात, बाकी दिवस फ्लॅट पर्यटकांना दिवसाच्या बोलीवर जातो. म्हणजे वर राहणारं कुणी नाही, पण चालणारे पुष्कळ. पहाटे विमान पकडायला निघालेल्या माणसाची चाकांची बॅग उघड्या फळ्यांवरून दारापर्यंत जाते तेव्हा प्रत्येक सांधा मोजता येतो. मालकांना फोन केला. अतिशय गोड बोलतात. त्यांना त्यांच्या घरात कधीच आवाज आलेला नाही, असं ते म्हणाले, आणि ते खरंच आहे.

आता सोसायटीच्या सभेत ठराव मांडला आहे, की जो कुणी जमीन उखडेल त्याने खाली थर घातलाच पाहिजे, आणि भाड्याने देणाऱ्यांनी निदान वाटेवर जाड जाजम अंथरावं. जाजमाने चाकं शांत होतील, टाचा नाही. सुताराने मोजमाप घेऊन ठेवलं आहे, रबराचे गुंडाळे काकांच्या पडवीत पडून आहेत. मालकांची संमती मेच्या आत आली तर ठीक, नाहीतर दसऱ्यापर्यंत थांबावं लागेल. पावसात फुगलेली फळी कापून बसवली तर उन्हाळ्यात तिच्या सांध्यांतून बोट जातं, आणि सुतार ते काम घेणार नाही.